उंदराच्या काळजातल्या गाठी

परवा धाकटी सून कोठीतून नाकाला पदर लावून बाहेर आली. ज्वारीच्या पोत्यामागं एक उंदीर मरून पडला होता. तिनं तो खराट्यानं पत्र्याच्या तुकड्यावर ओढला आणि उकिरड्याकडं निघाली, तर मीच तिला थांबवलं. चष्मा शोधला, ओट्यावरून उतरले आणि वाकून उंदीर बघू लागले. सून गोंधळली. "आत्याबाई, त्याच्यात काय बघून राहिल्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, खोल पुरून ये आणि हात साबणानं धू. ती गेली. मी पुन्हा ओट्यावर येऊन बसले, आणि किती तरी वेळ उठलेच नाही.

बाहेर सुगी चालू होती. आता सुगी म्हणजे मळणीयंत्राची घरघर. दोन दिवसांत सगळं आटपतं. सोयाबीन तर दिवाळीच्या मागंपुढं बाजारात जातं, ज्वारी उरली ती घरच्या खाण्यापुरती. पण पौषातलं ऊन तसंच आहे. सकाळी अंगाला चिकटून बसावंसं वाटतं आणि बारा वाजले की टोचायला लागतं. त्या उन्हात कडब्याचा वास तापतो, गोडसर, थोडा शिळ्या दुधासारखा. तो वास नाकात शिरला की माझ्या टाचेत अजूनही उगीच कळ येते.

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. राज्य निजामाचं होतं. आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरपासून दोनेक कोसांवर. रझाकारांची दहशत यायला अजून काही वर्षं होती. आम्हा पोरांना तर राजाचंही भय नव्हतं आणि सरकारी शिपायाचंही. गाव भ्यायचं ते एकाच गोष्टीला. मोठी माणसं तिचं नाव घेत नसत. 'गाठीचा ताप' म्हणायची आणि गप्प व्हायची. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांच्या लहानपणी तो ताप गावात आला होता. गाव सोडून माणसं माळावर झोपड्यांत राहिली होती, आणि परतली तेव्हा निम्म्या घरांना आतून कडी लावायला कुणी उरलं नव्हतं. आबांची थोरली बहीण त्यातच गेली. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ते तिच्याबद्दल बोलत नसत.

त्या साली ऐन दिवाळीत पाऊस पडला. उभ्या ज्वारीचं फार बिघडलं नाही, पण जमिनीखालच्या पेवांत पाणी मुरलं. पेव आता कुणी पाहिलेलं नसेल. पांढऱ्या मातीत दीड-दोन पुरुष खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. धान्य वर्षभर टिकायचं. आमचं पेव गावाच्या कडेला, ओढ्याच्या दरडीवर होतं. नवी रास घरात यायच्या आधी जुनं पेव उघडून रिकामं करायचं असा रिवाज होता. आबा त्याच तयारीत होते.

खळं तयार झालं होतं. शेणानं सारवलेलं, चकचकीत, अनवाणी पाय ठेवला की गार लागणारं. मधल्या खांबाला बैल जुंपलेले, त्यांच्या खुरांखाली कणसं करकरायची. दुपारी वारा सुटला की आबा उंच तिवईवर उभे राहून सुपानं धान्य सोडायचे. दाणे सरळ खाली पडायचे आणि भुसा सोनेरी धूर होऊन बाजूला जायचा. त्या भुशानं घसा खवखवायचा, केस पिवळे व्हायचे, आणि रात्री अंथरुणातही अंगाला खाज यायची. आम्हाला ते सगळं आवडायचं.

माझ्याकडं एक काम होतं. ओढ्याकडच्या पट्टीत ज्वारी उशिरा पेरलेली, ती अजून उभी होती. तिथल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसून पाखरं हाकायची. पहिले दोन दिवस मी इमानानं ओरडले. तिसऱ्या दिवशी ओढ्यापल्याडची बोर दिसली, लाल झालेली. मी माळ्यावरून उतरले, बोरीखाली गेले, ओटी भरून बोरं खाल्ली आणि परत पळताना टाचेत काटा मोडला. वरचा तुकडा नखांनी काढला. आतला राहिला. मी पट्टीवर आले तेव्हा पाखरं कणसांवर निवांत बसलेली होती. आता काटा दाखवायचा म्हणजे बोर सांगावी लागणार, आणि बोर सांगितली की पाखरंही सांगावी लागणार. मी टाचेला ओली माती लावली आणि गप्प राहिले.

त्यानंतर चार दिवसांनी पेवापाशी उंदीर मेले.

आधी एक दिसला, मग तीन, मग दरडीतल्या बिळांच्या तोंडाशी सात-आठ. घरातले काळे नव्हेत, शेतातले, पाठीवर भुरे आणि पोटाला पांढरट, सुगीची ज्वारी खाऊन गुबगुबीत झालेले. एका कुत्र्यानं त्यातला एक फाडला आणि तसाच टाकून गेला. पोलीस पाटील तिथून चालले होते. त्यांनी काठीनं तो उलटा केला. उंदराच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, आमच्याकडं दोन्हीला काळीजच म्हणतात, त्यावर वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी होत्या. पाटलांनी काठी तिथंच टाकली.

गाठ हा शब्द दुपारपर्यंत घराघरांत पोचला. बायकांनी चुलीवरचं उतरवलं. खळ्यातले बैल सोडले.

त्याच दिवशी माय मला न्हाऊ घालत होती. मला दोन दिवस कणकण होती, पण सुगीत लेकराच्या कणकणीकडं कोण बघतो. तिचा हात मांडीवरून वर आला आणि जांघेत थांबला. तिनं पुन्हा चाचपलं. मी कळवळले. तिथं सुपारीएवढी गाठ होती. मायनं तांब्या खाली ठेवला. ती ओरडली नाही, रडली नाही. मला लुगड्यात गुंडाळून तिनं दार आतून लावून घेतलं आणि आबा येईपर्यंत मला मांडीवर घेऊन बसली. तिच्या छातीतली धडधड मला माझ्या पाठीवर कळत होती.

पाटील वाईट माणूस नव्हते. आता मागं वळून बघते तेव्हा ते पन्नाशीचे, भ्यालेले, गावाची जबाबदारी डोक्यावर असलेले गृहस्थ दिसतात. त्यांनी सांगितलं की दोन दिवसांत सगळ्यांनी माळावर झोपड्या घालायच्या, पीक राहिलं तर राहिलं. आणि आबांच्या लेकीला आजच ओढ्यापलीकडं न्यायचं. तिच्यासंगं एकानं जावं, दुसऱ्यानं शिवेबाहेर पाय ठेवू नये आणि त्यांच्या जवळही जाऊ नये. आबांनी मान हलवली. मायनं आधीच गोधडी काखोटीला मारली होती.

ओढ्यापलीकडं राखणीची खोपी होती, कडब्याची. तिथं आम्ही दोघी आठ दिवस राहिलो, बाकीचं गाव माळावरच्या झोपड्यांत गेलं. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, रुंदी आठ-दहा पावलांची. मधोमध एक सपाट दगड होता. आबा सकाळ-संध्याकाळ त्या दगडावर भाकरी, कांदा आणि ताकाचा गडू ठेवायचे आणि मागं फिरून अलीकडच्या काठावर उभे राहायचे. मग माय पाण्यात उतरून ते घेऊन यायची. दोघं ओढ्याच्या दोन काठांवरून बोलायची. ताप कसा आहे. गाठ वाढली का. बैलाला कडबा घातला का. मी खोपीच्या दारातून आबांकडं बघायची आणि मला वाटायचं, ते येत का नाहीत? आठ पावलं तर आहेत.

आणि काटा? टाच सुजली होती, पण टाचा सगळ्यांच्याच फुटलेल्या असायच्या. वरून कातडी मिटली होती. मी लंगडत होते ते गाठीमुळं असं मायला वाटलं. मलाही तोवर तसंच वाटायला लागलं होतं. बोरीची गोष्ट सांगायची राहूनच गेली. खरं म्हणजे राहून गेली नाही. मी पाखरं सोडून गेले म्हणून मला हा ताप आला, अशी माझी पक्की समजूत झाली होती, आणि ते सांगितलं तर माय मला ओढ्यापलीकडं एकटीला टाकून जाईल असं वाटायचं. दहाव्या वर्षी माणूस कसला कसला हिशोब मांडून बसतं.

या सगळ्यात खरं बोलणारी एकच बाई होती. यल्लूबाई. ती वडाराची. तिचं कुटुंब गावच्या विहिरीचं दगडकाम करायला आलं होतं, माळावर त्यांची पालं होती. सुगीत ती माणसं शेतातले उंदीर धरून खायची, आणि बिळांत उंदरांनी साठवलेली कणसंही खणून काढायची. यल्लूबाईनं पाटलांना सांगितलं होतं की या गाठी ती पोरवयापासून बघत आली आहे, रानातल्या पाच उंदरांत एकाला तरी असतात, ते काळीज त्यांची माणसं फेकून देतात आणि बाकीचा उंदीर भाजून खातात, आजवर कुणाला काही झालं नाही. पाटलांनी ते ऐकून घेतलं नाही. उलट, हा रोग तुमच्याच पालांतून आला, परवापर्यंत निघून जा, असं फर्मावलं. माझ्या मायनं हे ओढ्यापलीकडून ऐकलं आणि तिलाही पाटलांचंच खरं वाटलं. हे तिनं पुढं मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून.

आबा चौथ्या दिवशी पाटलांची परवानगी घेऊन डॉक्टर आणायला कळमनुरीला चालत गेले. माणसांचे डॉक्टर देवीची लस टोचायला दौऱ्यावर गेलेले. कधी येतील कुणाला माहीत नव्हतं. आबा परत फिरले आणि जनावरांच्या शफाखान्याच्या पायरीवर बसले. तिथल्या गुरांच्या डॉक्टरला लोक सालोत्री म्हणत. हमीद सालोत्री एका बैलाच्या खांद्याला मलम लावत होते. उंच, वाळके, दाढीत पांढरे केस. त्यांनी आबांना पाणी दिलं आणि काय झालं विचारलं. आबांनी उंदरांपासून सांगितलं. लेकीच्या गाठीबद्दल सालोत्री काही बोलले नाहीत, पण उंदराच्या काळजातल्या गाठींचं ऐकून त्यांनी हातातलं मलम खाली ठेवलं. किती मोठ्या, कुठल्या रंगाच्या, कडक की मऊ, असं बारीक विचारलं. मग म्हणाले की उद्याचा दिवस लागेल, परवा सकाळी येतो.

सहाव्या दिवशी सकाळी ते आपल्या घोडीवरून आले. खोगिराला कातड्याची पिशवी अडकवलेली. गावात गेलेच नाहीत, सरळ ओढ्यावर आले, आमच्या समोरच्या काठावर. गाव त्यांच्या मागं लांब उभं राहिलं. मी आणि माय पलीकडून सगळं बघत होतो. मला आजही ते समोर घडल्यासारखं दिसतं, कारण ते समोरच घडलं.

त्यांनी हाताला फडकी गुंडाळली, पेवापाशी आदल्या दिवशी मेलेला एक उंदीर फळीवर उताणा ठेवला आणि छोट्या सुरीनं उघडला. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली.

"मेलेला बघितला. आता मला जिता उंदीर पाहिजे. पेवापासून लांबचा."

कुणी हललं नाही. तेव्हा यल्लूबाई पुढं आली. तिच्या गाढवांवर पालं लादून झाली होती, ती निघालीच होती. तिनं सळई घेतली, आमच्या उशिराच्या पट्टीच्या बांधावर गेली, दोन बिळं बुजवली, तिसऱ्याच्या तोंडाशी हात लावून बसली आणि थोड्याच वेळात दोन उंदीर शेपटीनं धरून घेऊन आली. दोन्ही टुणटुणीत, तडफडत होते. सालोत्रींनी ते पटकन मारले आणि उघडले. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्याच्या काळजावर दोन पांढऱ्या गाठी होत्या.

त्यांनी पाटलांना जवळ बोलावलं. पाटील नाकाला उपरणं लावून आले.

"हा उंदीर आत्तापर्यंत पळत होता," सालोत्री म्हणाले. "याच्या काळजातबी त्याच गाठी हायेत. मग ते उंदीर गाठीनं मेले, असं म्हणता येईल का?"

पाटील फळीवर वाकले.

मग सालोत्रींनी कोमट पाणी मागितलं, त्यात चिमूटभर मीठ घालून. भांडं द्यायला कुणी तयार नव्हतं. यल्लूबाईनं आपली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी दिली. तीन दगडांची चूल मांडून पाणीही तिनंच कोमट करून दिलं. त्यांनी सुईच्या टोकानं एक गाठ हळूच सोडवली आणि वाटीत फोडली. आतून एक पांढरी फीत उलगडली. बोटाएवढी लांब, चपटी, वळ्यावळ्यांची, मागच्या टोकाला पाण्याचा बारीक फुगा. पाटील वाकून बघत असतानाच ती फीत कोमट पाण्यात हलली. पाटील दोन पावलं मागं सरले. लोकांत कुजबुज झाली. मला ओढ्यापलीकडून फीत दिसली नाही, फक्त पाटलांचा चेहरा दिसला. फीत मी नंतर पाहिली.

ते पुढं बोलले ते मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल असं. म्हणाले की हा जंत आहे, आणि खरा तो मांजराचा. उंदरात त्याचा नुसता मुक्काम असतो. मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात, धान्याला, गवताला लागतात. उंदीर ते खातो. अंड्यातून निघालेला जंत उंदराच्या काळजात जाऊन बसतो, भोवती पिशवी करतो आणि वाट बघतो. मांजरानं किंवा बाऊल्यानं, म्हणजे रानमांजरानं, तो उंदीर खाल्ला की जंत मांजराच्या आतड्यात जातो, तिथं हातभर वाढतो आणि पुन्हा अंडी घालतो. मांजराशिवाय त्याचं वाढणं नाही आणि उंदराशिवाय त्याचं मांजरापर्यंत पोचणं नाही. हा जंत माणसाच्या वाटेला जात नाही. पण उंदराच्या लेंड्या पडलेल्या धान्यातून दुसरे जंत लेकरांना होतात, तेव्हा धान्य निवडा, पाखडा, कच्चे दाणे लेकरांना खाऊ देऊ नका. आणि प्लेगच्या उंदराची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून मोठी होते, ती यांच्यात सुजलेली नाही.

शेवटी ते यल्लूबाईकडं वळून म्हणाले, "ही बाई मला पयलेच भेटली असती, तर मला सुरी काढायची गरज नव्हती."

पाटलांनी विचारलं, मग पेवापाशी ते मेले कशानं. सालोत्री पेवाकडं चालत गेले. दगड थोडा सरकवायला लावला. आंबूस, डोक्यात जाणारा वास बाहेर आला. त्यांनी एक पेटता दिवा दोरीनं आत सोडला. हातभर गेला आणि विझला. दुसऱ्यांदा सोडला, पुन्हा विझला. पावसाचं पाणी मुरून आतली ज्वारी कुजली होती आणि तिची विषारी हवा साठली होती. उंदरांची बिळं आतून पेवाला भिडलेली. हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पेवात दिवा सोडल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही हे लेकरालाही माहीत होतं. गाठी दिसल्या आणि माहीत असलेलं सगळं विसरलं गेलं, एवढंच. उंदीर दिसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा ते पेव उघडणारच होते. आधी दिवा सोडलाच असता त्यांनी. बहुतेक सोडला असता. मी त्यावर फार विचार करत नाही.

मग सालोत्री ओढ्यात उतरले आणि आमच्याकडं आले. सहा दिवसांत ओढा ओलांडणारं ते पहिलं माणूस. मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ते माझ्यापुढं उकिडवे बसले. "माणसाचा इलाज करायचा मला हुकूम न्हाई," ते मायला म्हणाले. "पण बैल लंगडला की मी पयले खूर बघतो. बेटा, पाय दाखव."

मी पाय आखडून घेतला. त्यांनी ओढला नाही. तसेच बसून राहिले. मी मायकडं पाहिलं. तिचा चेहरा बघून मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. बोर, पाखरं, काटा, माती. माय ऐकत राहिली. मग तिनंच माझा पाय धरला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी टाच कोमट पाण्यात शेकली, सुरी विस्तवावर धरली आणि कातडीला एक चीर दिली. मी किंचाळले. पू आला, आणि त्याच्यासोबत काट्याचा काळा तुकडा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा लांब. त्यांनी तो मायच्या तळहातावर ठेवला.

"अवधाण हाय," ते म्हणाले. "पायात पू धरला की जांघेत गाठ येतेच. जाईल आता."

माय त्या तुकड्याकडं बघत बसली. अवधाण काय असतं ते तिला माहीत होतं. गावात दर पावसाळ्यात चार लेकरांना व्हायचं. तिनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. नुसतं विचारलं, "काहून सांगितलं न्हाई गं?"

सालोत्रींनी अजून दोन दिवस इथंच राहायला सांगितलं. आपण जनावरांचे डॉक्टर, आपल्या एकट्याच्या शब्दावर गावानं जाऊ नये, माणसांच्या डॉक्टरांना निरोप ठेवला आहे, ते बघतील, असंही म्हणाले. जायच्या आधी त्यांनी मला वाटीतली फीत दाखवली. आता ती हलत नव्हती. मला तिची किळस आली नाही. कणसाच्या कोवळ्या दाण्यांची माळ असावी तशी दिसत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मला घाम फुटला, ताप उतरला. तिसऱ्या दिवशी माणसांचे डॉक्टर आले. त्यांनी गाठ चाचपली, टाच बघितली, पाटलांना म्हणाले, लोकांना कामाला लावा.

पुढं आयुष्यात मी मास्तरीण झाले, सातवीपर्यंतच्या पोरींना शिकवलं. विज्ञानाच्या पुस्तकात जंतांचं जीवनचक्र यायचं. बाण, उंदीर, मांजर, बाण. पोरी तोंड वाकडं करायच्या. मला ते चित्र फळ्यावर काढताना हात हलका व्हायचा. एका उंदराच्या आत, अंधारात, कसलीही खात्री नसताना मांजराची वाट बघत बसलेला तो जीव. शंभरातल्या किती जणांना मांजर भेटत असेल? त्यानं माझ्यासाठी काही केलं नव्हतं. त्याच्यामुळंच तर गाव घाबरलं. पण त्याची सगळी गोष्ट कुणीतरी आधी धीरानं, उंदीर फाडून, मांजर फाडून शोधून ठेवली होती, ती एका गुरांच्या डॉक्टरनं कधीतरी वाचली होती, आणि एका वडारणीनं ती न वाचताच डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून आमची पट्टी वेळेवर कापली गेली. पोरींना मी एवढंच सांगायची की घाण वाटली तरी जवळ जाऊन बघा.

पाटलांनी यल्लूबाईची माफी मागितली नाही. तसं तेव्हा कुणी मागत नसे. ते तिच्या पालावर गेले आणि म्हणाले की माझ्या शेतात उंदीर फार झालेत, तुमी राहा. यल्लूबाईनं गाढवावरची एक दोरी सोडली, दुसरी तशीच ठेवली. म्हणाली, राहते, पण बिळातली कणसं आमची, तुमचा माणूस मागं मागं यायचा नाही. पाटील व्हय म्हणाले. तेव्हा तिनं दुसरी दोरी सोडली.

आबा आम्हाला न्यायला आले तेव्हा सकाळचं ऊन ओढ्यात उतरलं होतं. भाकरीच्या दगडापाशी ते थांबले, सवयीनं. मग पुढं आले, वहाणांसकट पाण्यातून. मला उचलून खांद्यावर घेतलं आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या मानेचा वास मला आला, घामाचा आणि भुशाचा. हळूच म्हणाले, "माझ्या ताईला मी अशीच भाकर ठेवायचो. लांबून. शेवटच्या दिवशी तिनं हाक मारली, तर मी पळालो." मला कळलं नाही पुरतं. मायला कळलं. तिनं त्यांच्या हातातला रिकामा गडू काढून घेतला.

आम्ही गावात न जाता सरळ खळ्यावर गेलो. बैल पुन्हा जुंपले होते. सात-आठ दिवस पडून राहिलेलं काम, सगळे घाईत होते. आबांनी मला राशीच्या कडेला बसवलं, पायाला फडकं बांधलेलं. माय म्हणाली, मी लागते कामाला, फक्त घटकाभर पाठ टेकते. ती कडब्याच्या पेंढीला टेकली आणि झोपली. भर उन्हात, तोंड उघडं, पदर ढळलेला, गावातली सगळी माणसं अवतीभोवती. तिला असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. भुसा उडून तिच्या केसांवर, पापण्यांवर बसत होता. आबांनी वाऱ्याची बाजू बघितली, तिवई उचलली आणि खळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मांडली. बैल हाकणाऱ्यानं हाळी द्यायची सोडून नुसती जीभ टाळ्याला लावून चक् चक् केलं. पाटील काही सांगायला आले, तिला पाहून थांबले आणि आल्या पावली परत गेले. ऊन कललं, रास वाढत गेली, आणि मायला कुणी उठवलं नाही.